जमिनीकडून निरोप येईपर्यंत

खट्ट.

इन्व्हर्टरचा तेवढा एकच आवाज झाला आणि दुपारची शांतता मधोमध चिरली. वीज गेली होती. पंखा क्षणभर अडखळला आणि पुन्हा फिरू लागला. वर्षाराणीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. तिनं मान वळवून पलंगाकडे पाहिलं. लेकीनं, ज्ञानूनं, कूस बदलली, झोपेतच कुणाला तरी "नको ना" म्हणाली, आणि अंगठा तोंडात घालून पुन्हा निजली.

वर्षाराणीनं कोंडलेला श्वास सोडला. म्हणजे अजून थोडा वेळ आपला होता.

देवघराला लागून असलेली ही खोली पूर्वी सरकीची होती. पोती गेली, पण वास भिंतीत राहिला. पावसाळी हवा पडली की अजूनही ढेपेचा उग्र गोडसर वास यायचा. या खोलीत एक टेबल, एक पलंग, आणि खिडकीतून आत घेतलेली इंटरनेटची काळी वायर. ती वायर सासऱ्यांनी, अर्जुनरावांनी, स्वतः उभं राहून पार चौकातल्या खांबावरून ओढून आणली होती. तेलगावात घरोघर सांगितलं होतं, "आमची सून यानं बनवती. तिला रेंज लागती."

खोटं नव्हतं ते. पुण्याच्या एका छोट्या कंपनीत ती कामाला होती. ही कंपनी उपग्रह बनवायची. फार मोठे नव्हेत, कपडे धुण्याच्या मशीनएवढे. आभाळातून रानं बघायची, जमिनीत ओल किती, पिकाची तब्येत कशी, ते खाली कळवायचं, एवढंच त्यांचं काम. त्यात कॅमेरा बनवणाऱ्यांचं कौतुक व्हायचं. वर्षाराणीकडे आजारपणाचं खातं होतं. यान बिघडलं तर त्याचं त्याला कसं कळावं आणि कळल्यावर त्यानं काय करावं, हे तिला आधीच लिहून ठेवावं लागे. एकदा वर गेलं की तिथं पाना-पक्कड घेऊन कुणी जाणार नसतं. बॅटरी उतरायला लागली, दिशा दाखवणारा सेन्सर खोटं बोलायला लागला, संगणक एकाच जागी अडकून बसला, तर त्याचं त्यालाच सावरायला हवं.

प्रविणची पुण्यातली कंपनी लॉकडाऊनमध्ये बंद पडली, तेव्हा दोघं दोन महिन्यांसाठी म्हणून गावी आले. मग प्रविणनं चौकात खता-बियाण्यांचं दुकान टाकलं, मग ज्ञानदा झाली, आणि ते दोन महिने काही संपले नाहीत. कुणी तिला राहा म्हणालं नाही. जा असंही कुणी म्हणालं नाही. घरातलं कुणी वाईट असतं तर भांडता तरी आलं असतं.

तिच्या डोक्यात सध्या एकच नियम घोळत होता. यानाला मोठा बिघाड जाणवला, की ते सेफ मोडमध्ये जायचं. कॅमेरा बंद, जास्तीची सगळी कामं बंद, ऊन घेणारे पंख सूर्याकडे, आणि जमिनीकडून निरोप येईपर्यंत पडून राहायचं. सगळीकडे हीच रीत. वर्षाराणीला त्यात भर घालायची होती. निरोप आलाच नाही तर? यानाचा कानच बिघडला असेल तर? जमिनीवरचा एकुलता एक अँटेना पडला असेल तर? म्हणून फार दिवस काहीच ऐकू आलं नाही, तर यानानं ही शांतताच बिघाड समजावी. दुसरा कान लावून बघावा, तोंड फिरवून बघावं, आणि तरीही काही ऐकू आलं नाही तर एकेक वस्तू चालू करत, जपून, आपलं आपण उठावं.

ही गोष्ट तिला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. ज्ञानू दहा महिन्यांची असताना एकदा सकाळपासून गप पडून होती. घरात सगळे म्हणत होते, "किती गुणी पोर, आईला काम करू देती." वर्षाराणीनं हात लावून बघितला, तर अंग तव्यासारखं तापलेलं. रडायचंही त्राण राहिलं नव्हतं पोरीत. तिला घेऊन दवाखान्याकडे पळताना वर्षाराणीच्या मनात आलं होतं, रडणारं मूल आईला कळतं. गप्प झालेलं मूल कळायला हवं.

"आई."

ज्ञानू उठून बसली होती. केस सगळे तोंडावर.

"तुझ्या यानाला ताप आला का?"

"यान अजून तयार व्हायचंय, बाळा."

"मग आधीच औषध कावून करायलीस?"

"वर दवाखाना नसतो ना."

"त्याची आई नसती?"

"आई खाली असते. जमिनीवर."

ज्ञानूनं यावर बराच विचार केला. "मग ते काय करतं?"

वर्षाराणीनं लॅपटॉप मिटला. पोरीला खाली सतरंजीवर घेतलं, खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे तिचं तोंड केलं. "असं पडायचं. खेळणं बंद, गडबड बंद. आणि मधूनमधून हाक मारायची."

"आई!" ज्ञानू डोळे मिटून ओरडली. "आईऽऽ!"

"काय गं भवाने," आतून सासूबाईंचा, तुळजाबाईंचा आवाज आला, "हितं बसलीया की तुझी आई! घरभर कावून बोंबलायलीस?"

"आजी, मी यान हाय!"

"हाय का? मग च्या प्यायला खाली उतर."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बैठक होती आणि नेमकी त्याच वेळी आबांची, म्हणजे सासऱ्यांचीही.

अर्जुनरावांनी उभं आयुष्य दुसऱ्यांना निवडून आणण्यात घातलं होतं. या खेपेला पंचायत समितीला आपण स्वतः उभं राहायचं असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्यांचा गण, म्हणजे मतदारसंघ, आरक्षणात महिलेसाठी सुटला. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचे जुने सोबती सुंदरराव चार माणसं घेऊन आले, ते या सकाळी.

तुळजाबाईंचा गुडघा धरला होता. चहा वर्षाराणीलाच न्यायचा होता. पुण्याची मीटिंग सुरू झालेली. तिचं म्हणणं मांडून झालं होतं, आता शिवशंकर सर बोलत होते. ते या सगळ्या कामाचे मुख्य, सावध माणूस. फार पूर्वी त्यांचं एक यान आपल्या मनानं उठलं होतं आणि गरगरत गरगरत हाताबाहेर गेलं होतं. तेव्हापासून यानानं आपल्या मनानं काही करावं, या गोष्टीचा त्यांनी धसका घेतला होता. ते काय ठरवतात यावर तिच्या नियमाचं जगणं-मरणं होतं. तिनं आपला आवाज बंद केला, इअरफोन डाव्या कानात ठेवला, त्यावरून पदर घेतला, आणि ट्रे उचलला.

बाहेरच्या खोलीत सुंदरराव रंगात आले होते.

"अर्जुनराव, गण बायकास्नी सुटला म्हणून तोंड कशाला पाडायचं? लोकं उमेदवार हुडकत हिंडायलेत. तुमच्या तर घरात हाय."

"आमच्या हिला पुन्हा उभं करू म्हणता?" आबा म्हणाले. "तिचा गुडघा तालुक्याला जायचा न्हाई."

"वैनीचं कोण म्हणतंय? ही बघा की, च्या घेऊन आली. इंजिनेर हाय. यानं उडवती."

"यान उडवतील, पर गावातल्या टाकीत पाणी चढंना ते कोण चढवणार?" कोपऱ्यातून एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

वर्षाराणी कप पुढे करत होती. डाव्या कानात सर म्हणत होते, "वर्षाराणीचा मुद्दा नीट समजून घ्या. आपण धरून चालतो की निरोप नाही म्हणजे काही सांगण्यासारखं नाही. ती म्हणते, तसं धरू नका. गप्प बसणं म्हणजे बरं असणं नव्हे."

तिचा हात जरा थबकला. सरांच्या तोंडून तिचं म्हणणं तिच्यापेक्षा चांगलं निघत होतं.

"सूनबाई," आबा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला, आवाज मऊ केला. "ही मंडळी काय म्हणायलीत, कानावर आलं ना? तू उभी ऱ्हायचं. तुझी काय अडचण असंल तर आताच सांग. मागून नको."

डाव्या कानात: "मी आजवर याच्या विरोधात होतो. का, ते तुम्हाला माहीत आहे."

ती ट्रे धरून उभी राहिली. सर थांबले होते. तिला त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. या बाजूला सहा माणसं तिच्याकडे बघत होती, हे तिला दिसत होतं आणि दिसत नव्हतंही. एक क्षण हवा होता. फक्त सरांचं वाक्य पुरं होऊ दे.

"तर मला वाटतं," सर म्हणाले, "तिचं बरोबर आहे. नियम घेऊ आपण. पण एक अट. चाचणी तिनं स्वतः पुण्यात येऊन करायची. दुखणं मुद्दाम लावायचं, तर ते लावणारा हात तिचा हवा. तीन आठवडे. ती नसेल तर मी हा नियम वर पाठवणार नाही."

"घ्या," सुंदरराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "गप ऱ्हायली म्हंजे झालं की! चांगल्या घरच्या लेकी असंच सांगत्यात. अर्जुनराव, नारळ आणा!"

"आबा, मी..." वर्षाराणी म्हणाली, तोवर सगळे उठले होते. खुर्च्या सरकत होत्या. कुणीतरी देवघरातून नारळ आणला, तो दारासमोर ओट्यावर फुटला आणि पाणी फरशीवरून वाहत दारात येऊन उभ्या राहिलेल्या तिच्या पावलांशी आलं.

"अभिनंदन, वर्षाराणी," डाव्या कानात सर म्हणाले.

"अभिनंदन, वैनीसाहेब," उजव्या बाजूला सुंदरराव हात जोडत होते.

*

"अहो, मला पुण्याला जायचंय," दुपारी तिनं प्रविणला सांगितलं. तो जेवायला आला होता. भाकरी चुरता चुरता त्यानं मान वर केली.

"कवा?"

"येत्या सोमवारी. तीन आठवडे."

"सोमवारी? सोमवारपासनं प्रचाराला गावं काढायची हायेत. आबानं गाडी सांगितली."

"मी हो म्हटलंच नव्हतं."

"न्हाई बी म्हणली न्हाईस." तो रागावून बोलत नव्हता. हिशेबाच्या चुकीवर बोट ठेवावं, तसा बोलला. "दुकानात बसल्या जागी मला पाच फोन आले. 'वैनीनं मान्य केलं' म्हणून."

"माझ्या कानात मीटिंग चालली होती."

प्रविणनं घास तोंडात घालून बराच वेळ चावला. "हे आबाला कसं सांगायचं वर्षा? की तुमी विचारलं, तवा ती तुमचं ऐकतच नव्हती?"

 खरं तर तसंच झालं होतं.

"आणि निवडून आल्यावर तुला असं काय पडणाराय?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "सह्या करायच्या. महिन्यातनं एकदा तालुक्याला जायचं. बाकीचं आमी हाव की. तू निवांत यान बनव."

"यान या खोलीत बनत नाही. इथं मी फक्त लिहिते. ते उभं आहे पुण्यात. त्याला हातानं आजारी पाडायचं, आणि ते उठतं का ते शेजारी बसून बघायचं. इथून नाही होत ते."

"दुसऱ्या कुणाला..."

"दुसऱ्या कुणाला सर ती चाचणी करू देणार नाहीत. मी गेले नाही तर नियमच रद्द होईल."

प्रविणनं ताट बाजूला सारलं. खिडकीबाहेर उसाची एक ट्रॉली चौकाकडे निघाली होती, तिच्या टेपवरचं गाणं मोठं होत होत लांब गेलं. 

"मी बी पुण्यातच ऱ्हाणार व्हतो ना," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं व्हतं का? तुला निदान विचारलं तरी."

हात धुऊन तो दुकानाकडे गेला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

संध्याकाळी तुळजाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वर्षाराणी त्यांच्यासमोर बसली, सुपातल्या मूठभर शेंगा घेऊन फोडू लागली. ज्ञानू टरफलांच्या होड्या करत होती.

"कळलं मला," तुळजाबाई म्हणाल्या. "परव्यानं सांगितलं, दुकानाला जाता जाता. तुला जायचंय."

"आत्याबाई, तुम्ही सरपंच होतात तेव्हा तुम्हाला विचारलं होतं?"

"मला?" त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे त्यांचं हसू लहान मुलासारखं दिसायचं. "मी धुणं धूत व्हते. हे आले न् म्हणले, 'उद्या लुगडं चांगलं नेस.' मला वाटलं लगीन हाय कुणाचं."

वर्षाराणीला हसू आलं.

"शिक्का माझ्याकडंच व्हता बरं का. कपाटात, बांगड्याच्या डब्यात. लागंल तवा मागून न्यायचे." त्यांनी एक शेंग फोडली, दाणा ज्ञानूच्या तोंडात घातला. "एकदा मी बोलले. पोरींच्या शाळंत संडास न्हवता. लेकरं दिवसभर पाणी प्यायची न्हाईत. मी भर मिटिंगीत म्हणले, आधी त्यो बांधा. समदे माझ्याकडं बघायले. मग म्हणले, 'हां हां, बरोबर हाय ताईचं.' च्या पिले न् गेले."

"मग?"

"मग काय? मी शेंगा फोडल्या."

ऊन उतरत होतं. लांब कुठंतरी बोअरची मोटर सुरू झाली.

"मी जाऊ का, आत्याबाई?"

 सूप हलवून त्यांनी टरफलं वेगळी केली. "पोरीला सांभाळायचं म्हणशील तर सांभाळते. तिची शाळा, तिचं खाणंपिणं, समदं. त्येची काळजी करू नको. पर ह्यांचं तोंड मला सांभाळता यायचं न्हाई. ते मला आजवर आलं न्हाई. ते तुझं तूच बघ."

*

तिनं बघितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव ओट्यावर पेपर वाचत होते. ती जाऊन समोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात लिहून काढलं होतं, एकाखाली एक, यानाला सूचना लिहाव्यात तसं. पहिलं वाक्य अडलं तर दुसरं. दुसरं अडलं तर तिसरं.

पण ती बोलायच्या आत त्यांनीच पेपर खाली घेतला.

"बस पोरी. मी तुझीच वाट बघायलोतो." पोरी असं ते तिला कधी म्हणत नसत. "एक सांगू का? मला लेक न्हाई. परव्याच्या आईला मी सरपंच केलं, पर लोकं म्हणायची, अर्जुनरावाच्या घरात बाया शिक्क्यापुरत्या. मला त्यात काय वाटायचं न्हाई. आता वाटतं. ह्या खेपंला भाषण तू करायचं. समदं तुझ्या मनानं. मी खाली सतरंजीवर बसून ऐकणार. लोकांनी म्हणलं पाहिजे, ही खरीखुरी मेंबर हाय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वर्षाराणीनं मनातली पहिली ओळ खोडली.

"आबा, मला पुण्याला जावं लागेल. कामासाठी."

"जा की! कोण नको म्हणतंय? निकाल लागला की म्हैनाभर जा. यान काय पळून चाललंय व्हय?"

"त्याची जायची तारीख ठरलेली असते. ते माझ्यासाठी थांबणार नाही. सोमवारीच जावं लागेल."

आबांनी पेपरची घडी घातली. मग घडीची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत होती. राग आला असता तर तिसरी ओळ तयार होती. पण आला तो गोंधळ, आणि तो तिला सोसवेना.

"नारळ फुटला तवा तू तिथंच व्हतीस ना?"

"होते."

"मी विचारलं व्हतं तुला. समद्यासमोर. अडचण असंल तर सांग म्हणलं व्हतं."

"हो आबा."

"मग बोलली कावून न्हाईस?"

काय सांगणार? की त्याच क्षणी दुसऱ्या कानात माझं आयुष्यातलं सर्वांत चांगलं वाक्य चाललं होतं? की तुम्ही खरंच विचारलंत, आणि या घरात पहिल्यांदाच कुणी विचारलं, तेव्हा मी इथं नव्हते? ती खाली फरशीकडे बघत राहिली. नारळाच्या पाण्याचा डाग अजून होता, त्यावर मुंग्यांची ओळ लागली होती.

तिचं बोलणं तिथंच संपलं. आबांनी पुन्हा पेपर उघडला, पण ते वाचत नव्हते.

दुपारी ज्ञानू झोपल्यावर तिनं सरांना फोन लावला.

सोमवारी येता येणार नाही, एवढं सांगितलं. सरांनी विचारलं, "घरचं कुणी आजारी आहे का?"

"नाही सर. सगळे बरे आहेत."

"मग..."

"निवडणूक आहे."

"कुणाची?"

"माझी," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजावर तिला नवल वाटलं.

सर हसले नाहीत. त्यांचं गाव लातूरकडचं, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "मग जुनंच राहू दे," ते म्हणाले. "बिघाड झालाच तर यान निरोपाची वाट बघेल. पुढच्या यानाच्या वेळी बघू तुझा नियम."

पुढच्या यानाच्या वेळी. ती आणि प्रविणही असंच म्हणून गावी आले होते, दोन महिन्यांसाठी.

"सर, एक विनंती करू?"

"बोल."

"आत्ता आपण असं लिहिलंय, की बॅटरी फार उतरली की त्यानं हाक मारणंही बंद करायचं. वीज वाचवायला. तेवढं काढा."

"काढलं तर ते लवकर संपेल."

"चालेल. हळू करा. लांब लांब करा, दिवसातून एकदा करा. पण बंद करू नका. शेवटपर्यंत हाक मारू द्या त्याला."

पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "बरं."

"त्याला माझी गरज लागणार नाही ना?"

"नाही. एका ओळीचं काम आहे ते."

तिनं फोन ठेवला. लॅपटॉप उघडून आपला नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचला. कुठंही चूक नव्हती. मग पोरीच्या दप्तरातून रिकामा डबा काढून ती घासायला गेली.

*

बाजाराच्या दिवशी ज्ञानूला स्कुटीवर पुढे उभी करून ती चौकात गेली. मेथी घेतली, पोरीला पेरू घेतला. परत वळताना ज्ञानू किंचाळली, "आई, तू!"

चौकातल्या दोन खांबांच्या मध्ये फ्लेक्स लागला होता. वर नेत्यांचे गोल गोल फोटो, एका बाजूला अर्जुनराव, दुसऱ्या बाजूला प्रविण, आणि मधोमध, माणसापेक्षा मोठी, वर्षाराणी. डोक्यावर जरीचा हिरवा पदर. हात जोडलेले. खाली 'आपल्या हक्काची, सुशिक्षित, कार्यसम्राट' वगैरे.

तिनं स्कुटी कडेला घेतली.

फोटो प्रविणनं आपल्या फोनमधून फ्लेक्सवाल्या लखनला दिला होता, हे तिला माहीत होतं. कुठला, ते माहीत नव्हतं. आता ओळखू आला. ज्ञानू व्हायच्या आधीचा होता तो, पुण्याच्या प्रयोगशाळेतला. टेबलावर यानाचे सगळे सुटे भाग तारांनी जोडून मांडलेले, आणि सूर्य म्हणून शेजारी एक मोठा दिवा. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम त्याचे डोळे बंद केले होते, त्याला आंधळं केलं होतं. सगळे श्वास रोखून बसले होते. आणि मग कुणी हात न लावता यानाचं ऊन घेणारं छोटं पातं थरथरलं, चाचपडत चाचपडत फिरलं, दिव्याच्या दिशेला आलं आणि थांबलं. बाजूला आठदहा जण उभे होते, कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी फोटो काढला.

लखननं त्यातलं सगळं कापून टाकलं होतं. माणसं गेली, टेबल गेलं, दिवा गेला. पदर दुसऱ्या कुणाचा चढवला होता, आणि जोडलेले हातही दुसऱ्या कुणाचे, त्यात हिरव्या बांगड्या. राहिला होता तो फक्त हसरा चेहरा. डोळे किंचित डावीकडे, त्या दिवशी ते पातं होतं तिकडे. तिथं आता झेंडूच्या फुलांची छापील किनार होती.

"वैनीसाहेब, नमस्कार!" पलीकडच्या हॉटेलातून कुणीतरी ओरडलं. तिनं मान हलवली.

ज्ञानू पेरू खाणं थांबवून निरखून बघत होती. एकदा वर, एकदा आईकडे.

"आई, हे हात तुझे न्हाईत."

"नाहीत."

"तुझ्याकडं असला पदर पण न्हाई."

"नाही."

"पर हसायलीस ती तूच."

"हो बाळा."

ज्ञानूनं मान तिरकी केली आणि फोटोतली आई जिकडे बघत होती, तिकडे बोट नेलं. तिथं फुलं होती, त्यापुढे खांब, आणि खांबाच्या पुढे नुसतं आभाळ.

"मग तू कुणाकडं बघून हसायलीस?"